सेकंड हँड ई-सायकल घेताय? मग आधी बॅटरी मोजा

मागच्या आठवड्यात मी माझी हायब्रिड इलेक्ट्रिक सायकल विकली. दीड वर्षापूर्वी ती मीही सेकंड हँडच घेतली होती, आणि घेताना मस्तपैकी फसलो होतो. इंजिनिअरिंगची डिग्री, रोजचं काम सॉफ्टवेअरचं, घरात मल्टिमीटर पडलेला, तरी फसलो. त्यामुळे हा लेख म्हणजे काय बघायचं ते मी कसं उशिरा शिकलो, त्याची गोष्ट आहे.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. सायकलवाले ‘हायब्रिड’ म्हणतात ते डोंगरातली एमटीबी आणि बारीक टायरची रोड बाईक यांच्या मधल्या प्रकाराला. सरळ हँडल, मोठी चाकं, मध्यम जाडीचे टायर. तिच्या मागच्या चाकात मोटर आणि फ्रेमवर बॅटरी बसवली की झाली हायब्रिड ई-सायकल. पॅडल मारा, मोटर मदत करते. मारू नका, थ्रॉटल असेल तर तशीही पळते. बॅटरी संपली तर साधी सायकल. फक्त ही ‘साधी सायकल’ २३ किलोची असते, हे तेव्हा कळतं.

मला ते चांदणी चौकाच्या चढावर कळलं. मी कोथरूडला राहतो, तेव्हा ऑफिस बाणेरला होतं. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. विकणाऱ्याने सांगितलं होतं, “दोन वर्षांत फक्त ६०० किलोमीटर चाललीय, एका चार्जमध्ये ४० आरामात जाते.” सायकल खरंच नव्यासारखी होती. टायरच्या रबरी केसासुद्धा झिजल्या नव्हत्या. १७,५०० रुपये दिले आणि रविवारी घरी आणली. सोमवारी संध्याकाळी परत येताना, साधारण सोळाव्या किलोमीटरला, चढावर डिस्प्ले एकदम काळा झाला. मागून बस हॉर्न मारतेय आणि मी ती ढकलतोय.

खोटं कुठे होतं? गंमत म्हणजे तो माणूस बहुतेक खोटं बोलतच नव्हता. सायकल खरंच ६०० किलोमीटरच चालली होती. दोष तिथेच होता.

कमी चाललेली म्हणजे चांगली, हे ई-सायकलला लागू नाही

बॅटरी लिथियम-आयनची असते, म्हणजे आपल्या फोनच्याच जातीची. ती वापरल्याने झिजते, आणि नुसती ठेवल्यानेही झिजते. पूर्ण चार्ज करून उन्हाळाभर गॅलरीत ठेवली तर लवकर म्हातारी होते. त्याहून वाईट म्हणजे रिकामी करून महिनोन्‌महिने विसरली तर. आतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, स्वतः थोडी थोडी वीज खात राहतं. सेलचा व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेला की आत कायमचं नुकसान होतं. अशी मेलेली बॅटरी कुणी ‘झटका देऊन’ जिवंत करून देतो म्हणाला तर हात जोडून निघा. ती चार्ज होईलही, पण चार्ज होताना पेट घेण्याचा धोका तिथेच असतो.

म्हणून “फार वापरलीच नाही हो” हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: “मग बॅटरी शेवटची कधी चार्ज केली?” उत्तर देताना समोरचा घुटमळला तर समजून घ्या.

किलोमीटरच्या आकड्यावरही जाऊ नका. बऱ्याच सायकलींमध्ये तो आकडा डिस्प्लेच्या आत साठवलेला असतो. डिस्प्ले बदलला की मीटर शून्यावर.

फुल दिसते म्हणजे भरलेली असते असं नाही

माझी मोठी चूक ही. मी मल्टिमीटर घेऊन गेलो होतो! ३६ व्होल्टच्या बॅटरीत १० सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ४२. मी मोजलं, ४१.८ आले. खूश झालो, पैसे दिले.

पण व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. कळशीत अर्ध्यापर्यंत दगड भरा आणि वर पाणी ओता. पातळी काठापर्यंतच दिसेल, पाणी मात्र निम्मंच. तुमच्या जुन्या फोनचं हेच होतं: सकाळी १००%, दुपारी जेवणाआधी चार्जर शोधायला लागतो. फोनमध्ये निदान काही मॉडेलना ‘बॅटरी हेल्थ’ बघायची सोय असते. स्वस्तातल्या ई-सायकलच्या डिस्प्लेवर तेवढंही नसतं. तिथल्या चार-पाच कांड्या बहुतेक वेळा नुसत्या व्होल्टेजवरून काढलेल्या असतात.

मग पाणी मोजायचं कसं? भरताना.

बॅटरीवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला की ३६० वॉट-अवर, ही नवी असतानाची क्षमता. मध्यम मदतीवर, पॅडल मारत गेलं तर शहरात किलोमीटरला साधारण ८ ते १२ वॉट-अवर लागतात. म्हणजे ३० ते ४५ किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर यापेक्षा बरंच जास्त खर्च होतं.

आता चार्जर बघा. त्याच्यावर ४२ व्होल्ट, २ अँपिअर असं काहीतरी असेल. पूर्ण उतरलेली १० अँपिअर-अवरची बॅटरी भरायला २ अँपिअरने पाच तास लागायला हवेत, आणि शेवटी करंट कमी होत जातो म्हणून आणखी अर्धा-पाऊण तास. माझी किती वेळात भरली? तीन तासांत हिरवा दिवा. “वा, फास्ट चार्जिंग,” असं मला त्या पहिल्या रविवारी वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

नंतर नीट मोजायला मी वीज मोजणारा स्मार्ट प्लग घेतला, हजार-एक रुपयांचा. तो सॉकेटमध्ये लावायचा, त्यात चार्जर, आणि फोनवरच्या ॲपमध्ये किती युनिट गेले ते दिसतं. चार्जर थोडी वीज गरम होण्यात घालवतो, त्यामुळे ३६० वॉट-अवरची तब्येत चांगली असलेली बॅटरी भिंतीतून साधारण ०.४२ ते ०.४५ युनिट ओढते. माझी ०.२४ वर थांबली. जवळपास निम्मी क्षमता गेलेली. चांदणी चौकात जे झालं त्याचं कारण एका आकड्यात हातात होतं, फक्त एक आठवडा उशिरा.

विकणाऱ्याच्या घरी सहा तास बसणं शक्य नाही, मान्य. त्याला सांगा, “सायकल बंद पडेपर्यंत चालवा, मग चार्जिंग सुरू करताना आणि हिरवा दिवा लागल्यावर फोटो पाठवा.” फोटोची वेळ बघितली की झालं. नाही म्हणाला तर दुसरी, पाच मिनिटांची परीक्षा आहे: चढ. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बऱ्याचदा व्होल्टेज दाखवायचा पर्याय असतो. तो लावा, पूर्ण चार्जवर, सगळ्यात जास्त मदत ठेवून चढ चढा. दोन-तीन व्होल्ट खाली गेले तर ठीक. पाचाच्या वर पडले, किंवा कांड्या चारवरून एकवर येऊन सपाटीवर पुन्हा चार झाल्या, तर सेल थकलेत. त्यामुळे टेस्ट राईड सपाट रस्त्यावर घेऊच नका. पुण्यात चढाला तोटा नाही.

बाकीचं पटकन

फ्रेम, ब्रेक, चेन, गिअर हे सायकलच आहे, कुठलाही चांगला सायकलवाला अर्ध्या तासात सांगेल. मोटर मागच्या चाकातली असेल तर तिचा आवाज ऐका. एकसारखी गुणगुण चालेल, खरखर असेल तर आतली प्लॅस्टिकची गिअरं झिजलेली असू शकतात. ब्रेक दाबल्यावर मोटर लगेच बंद होते का ते बघा. यात तडजोड नको.

बिल मागा, आणि बिलावरचा नंबर फ्रेमच्या खाली, पॅडलच्या दांड्यापाशी कोरलेल्या नंबरशी जुळवा. चोरीच्या सायकली या बाजारात कमी नाहीत. बॅटरीच्या लॉकच्या चाव्या आणि मूळ चार्जरही मागा. ४८ व्होल्टच्या सायकलचा चार्जर ३६ च्या बॅटरीला पिन बसते म्हणून लावणारे महाभाग मी पाहिलेत. असं करू नका.

एक गोष्ट मात्र पटकन सोडणार नाही. आपल्याकडे मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची असेल आणि २५ किलोमीटर ताशी वेगाला मदत बंद होत असेल, तर अशी मान्यताप्राप्त ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. पण कित्येक डिस्प्लेमध्ये ही मर्यादा सेटिंगमधून काढता येते, आणि आधीचा मालक बहुधा हौशी असतो. “४० ला पळते” असं कुणी अभिमानाने सांगितलं तर लक्षात घ्या, ती आता या सवलतीत बसत नाही. अपघात झाला तर विनानोंदणी, विनाविमा वाहन चालवल्याचा प्रश्न तुमच्यावर येईल. आणि तिचे ब्रेक सायकलचेच आहेत.

निम्म्या बॅटरीवर दीड वर्ष

मी ती परत करायला गेलो नाही. फोन केला, त्याने उचलला नाही, विषय संपला. नवीन बॅटरीचा भाव १३,००० सांगितला. तेवढे नव्हते, म्हणून मी गणित बदललं: ऑफिस ९ किलोमीटरवर, म्हणजे ९० वॉट-अवर. बॅटरी काढून डेस्कपाशी न्यायची, तिथे चार्ज करायची, संध्याकाळी परत. दीड वर्ष असं आरामात गेलं. म्हणजे थकलेली बॅटरी निरुपयोगी नसते. ती किती थकलीय हे माहीत असलं पाहिजे, आणि किमतीत ते दिसलं पाहिजे.

त्रास झाला तो पंक्चरचा. मागच्या चाकात मोटरची वायर असते, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात लावायला तयार होत नाही. शेवटी वायरचं कनेक्टर सोडवणं मी स्वतः शिकलो. पावसात चालते, पण प्रेशरच्या पाण्याने धुवायची नाही.

आता नोकरी हिंजवडीला लागली, अंतर झेपणारं नव्हतं. विकायला काढली. जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत एका ‘फौजी’साहेबांचा मेसेज: सायकल न बघता पूर्ण पैसे देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. पिन फक्त पैसे जाताना लागतो. ब्लॉक केलं.

मित्र म्हणाला, “टायर नवे घाल, फुल चार्ज करून दाखव, १५,००० कुठे गेले नाहीत.” गेले नसते, हे खरं. मला विकणाऱ्यानेही तेच केलं होतं. मोह झाला, नाही कशाला म्हणू. पण मी पुन्हा प्लग लावला: ०.२१ युनिट. त्याचा स्क्रीनशॉट जाहिरातीत टाकला. किंमत अशी काढली: बॅटरी चांगली असती तर १५,०००, नवी बॅटरी १३,००० ची, त्यातली निम्मी गेली म्हणून ६,५०० वजा, राहिले ८,५००. हाच हिशोब माझ्या खरेदीला लावला तर मी सहा हजार जास्त मोजले होते.

एक कॉलेजचा मुलगा आईला घेऊन आला. मी स्क्रीनशॉट दाखवून सगळं सांगितलं. काकूंनी सरळ विचारलं, “अहो, बॅटरी अर्धी खराब आहे तर आम्ही घ्यायची कशाला?”

मी विचारलं, “कॉलेज किती लांब आहे?”

“चार किलोमीटर,” मुलगा म्हणाला.

“काकू, जाऊन-येऊन आठ. याच्या दुप्पट अजून चालतेय. वर्षभराने कमी पडेल तेव्हा नवी घालावी लागेल, तेरा हजार धरून चला. ते जमणार नसेल तर नका घेऊ.”

त्यांनी मुलाला समोरच्या चढावर दोन चकरा मारायला लावल्या, चाव्या मोजून घेतल्या, बिल पर्समध्ये ठेवलं. आठ हजारांवर घासाघीस केली, मी ८,५०० वर राहिलो, त्यांनी दिले.

परवा त्याचा मेसेज आला: “दादा, चढावर दोनच कांड्या दिसतात, वर गेल्यावर चार होतात. नॉर्मल ना?”

मी लिहिलं, “हो, या बॅटरीला नॉर्मल. एक झाली की थ्रॉटल सोड आणि पॅडल मार.”