शिशाची गोळी आणि आकड्याचे गोत्र

अमेरिकेतल्या बंदुकांचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पांना एकदम धार येते. तिथे इतके जीव का जातात, कायदे कडक का होत नाहीत, हे प्रश्न खरेच आहेत आणि ते सुटलेले नाहीत. पण आज लिहायचे आहे ते या मोठ्या वादाच्या एका शांत कोपऱ्याविषयी. शनिवारी सकाळी क्लबात जाऊन कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरणारी आणि आठवड्याच्या रात्री तळघरात बसून वापरलेली काडतुसे पुन्हा भरणारी माणसे इथे खूप आहेत. त्यांत दात काढणारा डॉक्टर असतो, शाळामास्तर असतो, निवृत्त कारागीर असतो आणि माझ्यासारखा एखादा मराठी इंजिनीअरही असतो.

मी राहतो ते कनेक्टिकट नदीचे खोरे म्हणजे बंदूक-उद्योगाचे जुने माहेर. हार्टफर्डवरून जाताना कोल्टच्या जुन्या कारखान्याचा निळा घुमट दिसतो. थोडे उत्तरेला स्प्रिंगफील्ड, म्हणजे स्मिथ अँड वेसनचे जुने गाव. दक्षिणेला मिडलटाउनमध्ये लायमन कंपनी, जिची काडतुसे भरण्याची पुस्तके या छंदातल्या लोकांच्या घरी हमखास सापडतात. माझा व्यवसाय मोजमापाच्या यंत्रांचा. त्यामुळे नेमबाजीपेक्षाही मला गुंतवले ते या पुस्तकांतल्या कोष्टकांनी.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी आणि दारू संपते, गोळी निघून जाते, पण सर्वांत महाग वस्तू, म्हणजे पुंगळी, धड राहते. ती पुन्हा पुन्हा भरता येते. गोळीही शिशाची असली तर साच्यात ओतून घरीच करता येते. हिशेबी माणसाला मोह पडावा असाच हा प्रकार. प्रश्न एकच उरतो. दारू किती घालायची?

आपल्या स्वयंपाकघरात ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ या मापांवर पिढ्यान् पिढ्या उत्तम चालले आहे. मीठ थोडे जास्त झाले तर आमटीत बटाटा टाकता येतो. इथे ती सोय नाही. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब असतो. जुन्या, सौम्य समजल्या जाणाऱ्या .३८ स्पेशल काडतुसाची मान्य कमाल मर्यादा १७,००० पौंड आहे आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. हा दाब हातात धरलेल्या, चेहऱ्यापासून दोन फुटांवरच्या पोलादात क्षणभर कोंडायचा असतो.

दारूचे माप ग्रेनमध्ये करतात. हे माप आपल्याला परके नाही. १८३३ मध्ये कंपनी सरकारने आपला तोळा १८० ग्रेनांचा ठरवला. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे सोनाराची एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनांची. पिस्तुलाच्या काडतुसात जाते ती दारू बहुधा मोजक्या गुंजांची, आणि तिचे वजन ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत करतात. गुंजेचे वीस भाग केले तर त्यातल्या जवळपास एका भागाला इथे महत्त्व आहे.

शिवाय डोळा फसवतो. .३८ स्पेशल निघाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काळ्या दारूसाठी. काळी दारू जागा फार अडवते, म्हणून पुंगळी मोठी केली. नंतर धूर न करणारी दारू आली. तिचे योग्य माप त्याच पुंगळीच्या तळाशी थोडीशी जागा घेते. हातून दोनदा दारू पडली तरी ती सहज मावते आणि वर गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून पाहायचे, हा या छंदाचा पहिला धडा.

दुसरा धडा कोष्टक वाचण्याचा. कोष्टकाच्या एका ओळीत गोळीचे वजन आणि आकार, दारूचे नाव, सुरुवातीचे माप, कमाल माप, मिळालेला वेग आणि बहुतेक वेळा दाबही असतो. वरवर पाहता सोपे वाटते. पण शिशाच्या गोळीवाल्याची अडचण इथूनच सुरू होते, कारण पुष्कळशा ओळी तांब्याचे कवच असलेल्या गोळीच्या असतात. शिसे मऊ. नळीतल्या पिळदार खाचांत ते कमी जोरात शिरते आणि घासतेही कमी. म्हणून तेवढाच वेग मिळवायला त्याला बहुधा कमी दारू पुरते. कवचवाल्या गोळीचे कमाल माप शिशाला लावले तर शिसे नळीला चिकटते, नेम बिघडतो आणि दाबाचा हिशेबही आपला राहत नाही. उलट शिशाचे हलके माप कवचवाल्या गोळीला लावले तर ती नळीतच अडकू शकते. ते लक्षात न येता मागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फाटते. दोन्ही गोळ्यांचे वजन एकच असले तरी एकीचा आकडा दुसरीला चालत नाही, तो असा.

बरे, ‘शिसे’ म्हणजे तरी कोणते? निव्वळ शिसे फार मऊ, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. लायमनचा प्रसिद्ध ‘नंबर दोन’ मिश्रधातू म्हणजे ९० भाग शिसे, ५ भाग कथील, ५ भाग अँटिमनी. याहून कडक लायनोटाइपचा धातू, ज्यात अँटिमनी १२ टक्क्यांच्या आसपास. हे नाव वर्तमानपत्राच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. आपल्याकडे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा ते खिळे याच तीन धातूंचे असत. अमेरिकेत ऑफसेट छपाई आली, छापखान्यांनी जुना धातू मोडीत काढला आणि त्यातला बराचसा गोळ्या ओतणाऱ्यांच्या कढयांत गेला. आता तो साठा आटत चालला आहे. मोटारीच्या चाकांना लावायची शिशाची वजनेही जाऊन पोलादाची आणि जस्ताची आली आहेत. म्हणजे भंगारातून आणलेल्या शिशात नेमके काय आहे, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. छापील ओळ मात्र एका ठरावीक साच्याच्या, ठरावीक मिश्रधातूच्या गोळीपुरती बोलत असते.

गोळी पुंगळीत किती खोल बसवली, यानेही फरक पडतो. ९ मि.मी.सारख्या लहान पुंगळीत गोळी जरा जास्त आत गेली तरी दारूची जागा कमी होते आणि दाब झपाट्याने चढतो. शिवाय काही पिस्तुलांना शिसे मुळातच मानवत नाही. ग्लॉक कंपनी आपल्या मूळ नळीत उघडी शिशाची गोळी वापरू नये, असे सांगते. हल्ली गोळीवर रंगासारखा लेप भाजून चढवण्याची पद्धत निघाली आहे. तिच्यासाठी वेगळ्या ओळी अजून थोड्याच आहेत.

मग जुनी पुस्तके? त्यांचा मोह मला फार. पण जुन्या आकड्यांचे जग वेगळे होते. पूर्वी दाब मोजायला तांब्याचा एक छोटा दंडगोल वापरत. बार उडाला की तो किती चेपला हे पाहून दाब ठरवत. आता विजेचा संकेत देणारा स्फटिक वापरतात. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांत सरळ गुणून-भागून बदलता येत नाहीत. पुंगळ्याही बदलल्या. आयडाहोचा एल्मर कीथ (१८९९–१९८४) हा शिशाच्या जड गोळ्यांचा मोठा पुरस्कर्ता. त्याची .४४ स्पेशलची मापे प्रसिद्ध आहेत. पण त्याच्या तरुणपणी पुंगळीच्या तळाशी टोपीभोवती पोकळ जागा असे. पुढे भरीव तळाच्या पुंगळ्या आल्या, आतली जागा घटली आणि खुद्द कीथने आपले माप खाली आणले. जुने माप उतरवून घेणाऱ्याला ही हकीकत ठाऊक नसेल तर त्याच्या वहीत आकडा बरोबर आणि अर्थ चुकीचा, अशी स्थिती होते.

दारूच्या नावांची कथा याहून गमतीची. बुल्सआय ही दारू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे, पण १९९५ मध्ये तिचा धंदा हर्क्युलिसकडून अलायंटकडे गेला आणि डब्यावरचे नाव बदलले. ‘विंचेस्टर २३१’ आणि ‘एचपी-३८’ ही नावे दोन, दारू एकच. उलट रायफलीच्या दारूंत ‘आयएमआर ४८९५’ आणि ‘एच ४८९५’ यांचा आकडा एक, पण दारू वेगवेगळ्या.

आमच्या क्लबात काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या रिव्हॉल्व्हरचा वरचा पूल उघडला. फिरत्या चक्राचा तुकडा छताच्या फळीत रुतला. त्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता म्हणून डोळे वाचले. बोटांना टाके पडले. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर गोळीचे वजन आणि दारूचे माप होते. दारूचे नाव अर्धेच लिहिले होते. चिठ्ठी कुणाची, तिला मूळ आधार काय, कोणत्या साली लिहिली, हे सांगणारे कोणी नव्हते. त्या दिवशी क्लबात फारसे कोणी बोलले नाही. संध्याकाळी घरी मी हे सांगितले तेव्हा आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, ‘‘मुलीचे स्थळ आले तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो. आकड्याची कोणी करत नाही का?’’

यापेक्षा नेमके मलाही सांगता येणार नाही. आकड्यालाही गोत्र असावे लागते. तो कोणी मोजला, कोणत्या नळीत, कोणत्या गोळीवर, कोणत्या पुंगळीत आणि कोणत्या साली, हे ज्याच्यापाशी लिहिलेले आहे तो विश्वासाचा. दारू बनवणारी कंपनी, गोळी किंवा साचा बनवणारी कंपनी आणि प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेले पुस्तक, ही तीन घराणी त्यातल्या त्यात खात्रीची. जाणती माणसे यांतली निदान दोन पडताळतात. दोघांत तफावत दिसली तर खालचे माप धरतात. सुरुवात नेहमी सुरुवातीच्या मापापासून करतात आणि एकही वस्तू बदलली तर पुन्हा खाली येतात. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवतात, तोही मूळ नावाचा.

घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शिसे विषारी आहे आणि त्याचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना. अमेरिकेत मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले की लक्ष घालावे, असे २०२१ पासून मानतात. आधी ही खूण ५ होती. शिशावरची मळी, वापरलेल्या टोप्यांची राख, पुंगळ्या घासताना उडणारी धूळ हे सारे हातांवाटे आणि कपड्यांवाटे घरात येते. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर वाफेच्या स्फोटाने शिसे अंगावर उडते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात कधीच नाही, मुलांसमोर नाही आणि हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. आमच्या घरी ही अट पहिल्या दिवसापासून आहे आणि तिच्यावर अपील चालत नाही. आपल्याकडे तर हा प्रश्नच येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे.

कोष्टके वाचता वाचता मला त्यांतल्या रिकाम्या जागा आवडू लागल्या. अमुक गोळीखाली तमुक दारूची ओळच नसते. नवशिक्याला वाटते, छापायचे राहिले; वरच्या आणि खालच्या ओळींवरून मधला आकडा आपणच काढू. क्लबातले सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त कारागीर नवशिक्यांना शिकवतात. परवा एका तरुणाने त्यांना विचारले, ‘‘माझ्याकडे हीच दारू आहे आणि हाच साचा. पुस्तकात दोन्ही एकत्र कुठेच नाहीत. किती घालू?’’ म्हाताऱ्याने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिले आणि म्हणाला, ‘‘पुस्तकात आहे ती दारू विकत आण.’’