खर्जाचा जुना ध्वनिवर्धक : खरेदी आणि डागडुजी

तंबोऱ्याची खर्जाची तार थांबली, तर उरलेल्या तीन तारा वाजत असूनहि गायन उघडें पडल्यासारखें वाटतें. खर्जाचा सूर कानांत भरत नाहीं, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या मेळ्यांत हें काम बास गिटार या चार तारांच्या वाद्याकडे आलें. अमेरिकेंतील लिओ फेंडर यानें १९५१ सालीं आपली बास गिटार बाजारांत आणली आणि पुढच्याच वर्षीं तिच्या जोडीला 'बासमन' नांवाचा ध्वनिवर्धक काढला. अँपेग कंपनीचा 'पोर्टाफ्लेक्स' १९६० सालीं आला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनीं हा विजेचा खर्ज चित्रपटांच्या द्वारें घरोघर पोंचविला.

फेंडर आणि अँपेग यांचीं हीं यंत्रें व्हॉल्व्हवर चालत. परदेशी ध्वनिवर्धक भारतांत फार थोडे आले. परंतु त्यांचे भाऊबंद येथें पुष्कळ झाले. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ कंपनीचे कर्णे काँग्रेसच्या सभांतून गाजले. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० पासून याच व्यवसायांत आहे. सभा, लग्नें, कीर्तनें आणि तमाशे यांच्यासाठीं घेतलेले व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक ट्रान्झिस्टर आल्यावर मागें पडले. नंदुरबार तालुक्यांतील रनाळ्यासारख्या गांवीं एखाद्या मंडपवाल्याच्या कोठींत सतरंज्यांच्या ढिगाखालीं अशी पेटी निघाली, तर ती मोडींत घालावी कीं तिच्यांतून पुन्हां सूर काढावा? उत्तर देण्यापूर्वीं पेटीच्या आंत काय चालतें, तें समजून घेतलें पाहिजे.

व्हॉल्व्ह म्हणजे आंतील हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तिच्यांत एक बारीक तार असते. बहुतेक व्हॉल्व्हांत ती ६.३ व्होल्टांवर तापते. तिच्या उष्णतेनें कॅथोड नांवाच्या भागांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धनभारित पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, धांवतात. वाटेंत तारेची जाळी असते. वाद्याकडून आलेला क्षीण विद्युद्दाब या जाळीवर कमीजास्त झाला, कीं प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाहहि त्याच हिशेबानें कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशीं लहानशी फळी वरखालीं करून सबंध शेताचें पाणी आवरावें, तसाच हा प्रकार आहे.

अशा यंत्रांत दोन रोहित्रें, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, महत्त्वाचीं असतात. पहिलें घरच्या विजेपासून प्लेटसाठीं शेंकडों व्होल्टांचा दाब तयार करतें. दुसऱ्यास निर्गम-रोहित्र म्हणावें. व्हॉल्व्हला हजारों ओहमांचा भार लागतो, तर कर्ण्याचा भार ४, ८ किंवा १६ ओहमच असतो. या दोघांची सांगड तें घालतें. खर्जाचा खरा प्रश्न येथेंच उभा राहतो. साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. बास गिटारची केवळ ४१. कंपनें जितकीं मंद, तितका निर्गम-रोहित्राचा लोखंडी गाभा मोठा हवा. केवळ भाषणासाठीं बांधलेल्या स्वस्त पेटींत तो लहान असतो. तिच्यांतून मनुष्याचा आवाज स्वच्छ येईल, पण खर्ज पातळ आणि फाटका येईल. म्हणून घेणाऱ्यानें पेटी प्रथम दोन्ही हातांनीं उचलून पाहावी. जड पेटी सहसा चांगली.

खरेदीचा मुख्य नियम एका वाक्यांत सांगतां येईल : रोहित्रें विकत घ्यावींत, बाकीचें सारें मिळतें. व्हॉल्व्ह अजूनहि रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत तयार होतात. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यानेंहि एके काळीं ते पुष्कळ बनविले, आणि त्यांपैकीं न वापरलेले नग जुन्या दुकानांतून कधीं कधीं हातीं लागतात. रोधक, कंडेन्सर आणि वायरी तर कोठेंहि मिळतात. रोहित्र जळलें मात्र, तर तें गुंडाळून घ्यावें लागतें. शेतीच्या पंपाच्या मोटारी गुंडाळणारे कुशल कारागीर खानदेशांत गांवोगांव आहेत. त्यांच्यापैकीं एखादा विजेचें रोहित्र नीट गुंडाळूं शकेल. निर्गम-रोहित्राची गोष्ट निराळी. त्याचीं वेटोळीं थरांत विभागून एकांत एक गुंफावीं लागतात. तीं सरळ गुंडाळलीं, तर उंच सूर बोथट होतात.

म्हणून रोहित्राचा वास घ्यावा. जळलेल्या रोगणाचा उग्र दर्प आला, किंवा खालीं काळें डांबर ओघळलेलें दिसलें, तर सावध व्हावें. पेटी विजेपासून तोडलेली असतांना आणि आंतील सांठलेला भार नाहींसा झाल्याची खात्री केल्यावर ओहममापकानें निर्गम-रोहित्राच्या मधल्या टोंकापासून दोन्ही बाजू मोजाव्यात. दोन आंकडे जवळजवळ सारखे असावेत; एक बाजू अजिबात बोलत नसेल, तर तार तुटलेली आहे. विकणारा जरी "चालू आहे" म्हणाला, तरी वर्षानुवर्षें बंद असलेली पेटी त्याला लावून दाखवूं देऊं नये. त्या एका मिनिटांत चांगलें रोहित्र जळूं शकतें.

याचें कारण कंडेन्सरमध्यें आहे. विजेचा प्रवाह सरळ आणि स्थिर करण्याचें काम मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर करतात. त्यांच्या आंतील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एक अतिसूक्ष्म थर असतो, आणि त्याच्याच आधारें ते दाब सहन करतात. दीर्घकाळ वीज मिळाली नाहीं, कीं हा थर झिजतो. आंतील ओलावाहि सुकतो, आणि खानदेशच्या उन्हाळ्यांत तर तो लवकरच सुकतो. अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण दाब आला, कीं तो वाट सोडतो आणि सगळा प्रवाह रोहित्राच्या माथीं मारतो. चाळीस-पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलणें हेंच शहाणपणाचें. तसेच दोन व्हॉल्व्हांना जोडणारे जुने कागदी कंडेन्सरहि बदलावेत. ते झिरपूं लागले, कीं शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर धनदाब जातो, व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते, आणि शेवटीं बळी जातो तो पुन्हां निर्गम-रोहित्राचाच.

आतां जिवाच्या धोक्याविषयीं. वायर भिंतींतून काढली म्हणजे यंत्र निर्जीव झालें, ही समजूत प्राणघातक आहे. कंडेन्सरमध्यें तीनशें-चारशें व्होल्ट सांठून राहूं शकतात. पेटी उघडल्यावर १०० किलो-ओहमचा, निदान ५ वॅटचा रोधक इन्सुलेटेड चिमट्यांनीं कंडेन्सरच्या दोन टोंकांना लावावा, मिनिटभर थांबावें, आणि मापकावर दाब शून्याशीं आल्याचें पाहूनच हात घालावा. स्क्रू-ड्रायव्हरनें ठिणगी पाडण्याची रीत टाकावी. चालू यंत्रांत मोजमाप करायचें तें जाणकारानेंच करावें, तेंहि एक हात पाठीशीं ठेवून, म्हणजे प्रवाहाला छातींतून वाट मिळणार नाहीं.

वादकाचा धोका याहून सूक्ष्म आहे. जुन्या अमेरिकन यंत्रांत दोनच वायरींची दोरी असे, आणि मुख्य वीज व लोखंडी सांगाडा यांच्यामध्यें एक लहान कंडेन्सर जोडलेला असे. तो बिघडला, कीं सगळा सांगाडा जिवंत होतो. वाद्याच्या तारा त्या सांगाड्याशींच जोडलेल्या असतात. वादकाचीं बोटें तारांवर आणि ओठ दुसऱ्या यंत्राच्या मायक्रोफोनजवळ, अशा स्थितींत एका क्षणांत अनर्थ होतो. तो कंडेन्सर काढून टाकावा, तीन वायरींची दोरी घालावी आणि हिरवी वायर सांगाड्याला घट्ट बसवावी. मात्र भिंतींतील तिसरें भोंक नुसतें शोभेचें असेल, तर या सगळ्याचा उपयोग नाहीं. घराच्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घेणें हा डागडुजीचाच भाग समजावा.

अमेरिकन यंत्राविषयीं आणखी एक गोष्ट. तें सुमारें ११७ व्होल्ट आणि सेकंदास ६० आवर्तनें यांसाठीं बांधलेलें असतें. आपली वीज २३० व्होल्टांची आणि ५० आवर्तनांची. दाब उतरविणारें रोहित्र मध्यें घातल्यानें व्होल्ट जुळतात, पण आवर्तनें बदलत नाहींत. त्यामुळें त्याच दाबावर यंत्राच्या गाभ्यांतील चुंबकत्व एक-पंचमांशानें वाढतें आणि रोहित्र अधिक तापतें. अशा यंत्राला दाब थोडा कमीच द्यावा, आणि तासाभरानें रोहित्राला हात लावणें असह्य होत असेल, तर वादन थांबवावें. देशी बनावटीच्या पेटींत ही अडचण मुळांतच नसते.

सर्व बदल झाल्यावर पहिली चाचणी सिरीज-बल्बवर घ्यावी. जुन्या पद्धतीचा तार असलेला ६० ते १०० वॅटचा दिवा यंत्राच्या वाटेंत जोडला, कीं आंत कोठें दोष असल्यास प्रवाह दिव्यानें अडतो आणि तो लखलखतो. दिवा क्षणभर पेटून मंद झाला, तर लक्षण चांगलें. आधीं व्हॉल्व्ह काढून, मग बसवून, अशी ही चाचणी दोनदां करावी. कर्णा जोडल्यावांचून व्हॉल्व्हचें यंत्र कधींहि वाजवूं नये. भार नसला, कीं निर्गम-रोहित्रांत दाब उसळून त्याचें आवरण फुटतें. नंतर शेवटच्या व्हॉल्व्हांचा स्थिर प्रवाह जाणकाराकडून जुळवून घ्यावा.

कर्ण्याचा कागदी पडदा झुरळांनीं किंवा उंदरांनीं कुरतडला नसल्याचें पाहावें. सभेचा तोंडाशीं निमुळता लोखंडी भोंगा खर्जाला निरुपयोगी. मोठ्या पडद्याचा आणि बंद पेटींत बसविलेला कर्णाच पाहिजे. अशी तीस वॅटची पेटी दिवाणखान्यांत किंवा लहान सभागृहांत भरदार वाजेल. उघड्या मांडवांत वरातीच्या गलबल्यापुढें ती टिकणार नाहीं, आणि टिकावी म्हणून आवाज चढविल्यास पडदा फाटेल.

काढलेले जुने भाग फेंकून न देतां चिठ्ठी लावून एका डब्यांत ठेवावेत; पुढें कोणास मूळ रचना पाहावयाची झाल्यास ते उपयोगीं पडतील. डागडुजी म्हणजे यंत्र नवें करणें नव्हे. जें काळानें सुकतें व झिजतें तें बदलावें, जें टिकतें त्याला हात लावूं नये, आणि पहिल्या दिवशीं कळ दाबण्याचा मोह आवरावा. एवढें पथ्य पाळलें, तर कोठींत पडलेली पेटी पुन्हां खर्ज देऊं लागते, आणि वाजविणाराहि सुखरूप राहतो.