‘प्रीफेस’ आणि ‘फोरवर्ड’

इंग्रजी ग्रंथ हातीं घेतला कीं आरंभींचीं पानें उलटून एकदम पहिल्या प्रकरणास भिडण्याची आपणां विद्यार्थ्यांस खोड असते. त्या पानांवर कधीं ‘प्रीफेस’ असा मथळा असतो, कधीं ‘फोरवर्ड’ असा. दोहोंचें भाषांतर ‘प्रस्तावना’ असें करून आम्हीही पुष्कळ दिवस मोकळे होत असूं. परंतु या दोन शब्दांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे.

व्युत्पत्तीनें तो उलगडत नाहीं. ‘प्रीफेस’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गें इंग्रजींत आला. ‘आधीं बोलणें’ हा त्याचा मूळ अर्थ. ‘फोरवर्ड’ म्हणजे ‘आधींचा शब्द’. तो एकोणिसाव्या शतकांत, बहुधा जर्मन शब्दाच्या धर्तीवर, बनला. अर्थ जवळजवळ एकच. भेद आहे तो बोलणाराचा. ग्रंथ कां व कसा लिहिला, कोणाचें साह्य झालें, हें ग्रंथकार स्वतः सांगतो तो प्रीफेस. दुसरा कोणी जाणता पुरुष वा स्त्री वाचकास ग्रंथाची ओळख करून देते तो फोरवर्ड.

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ (१९४६) या ग्रंथाचें उदाहरण घेऊं. १९४४ सालीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतांना हा ग्रंथ लिहिला, हें नेहरूंनीं आपल्या प्रीफेसमध्यें सांगून सहबंदीजनांचे आभार मानले आहेत. पुढील काळांतील आवृत्तीस फोरवर्ड लिहिला तो त्यांच्या कन्या इंदिरा गांधी यांनीं.

हा संकेत सर्वत्र पाळला जातोच असें मात्र नाहीं. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) या कादंबरीस ई. एम. फॉर्स्टर यांनीं जें लिहिलें, त्यास प्रीफेस म्हटलें आहे. उलट राजा राव यांनीं ‘कांथापुरा’ (१९३८) या आपल्याच कादंबरीस फोरवर्ड जोडला. म्हणून मथळ्यावर न विसंबतां शेवटची सही अवश्य पाहावी. ती न पाहिली, तर ग्रंथाविषयींचे शब्द कर्त्याचे स्वतःचे कीं साक्षीदाराचे, हें कळत नाहीं. आणि दोहोंचें मोल एकाच मापानें करणें अन्यायाचें होय.

आणखी एक सावधगिरी. उच्चार सारखा भासल्यामुळें फोरवर्डच्या जागीं ‘पुढें’ या अर्थाचा ‘फॉरवर्ड’ लिहिण्याची चूक फार होते. या शब्दाच्या शेवटीं ‘वर्ड’, म्हणजे ‘शब्द’, आहे एवढें स्मरलें कीं ती टळते.

मराठींत ‘प्रस्तावना’ हा एकच शब्द दोन्ही कामें करतो. ग्रंथकाराच्या निवेदनास ‘मनोगत’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो आम्हांस सोयीचा वाटतो. शिफारस दुसऱ्याची मिळूं शकते. आपल्या ग्रंथाचा जबाब मात्र ज्याचा त्यानेंच द्यावयाचा असतो.