मैदानात साचलेले पाणी

इंग्लंडमधील फुटबॉलचा हंगाम ऑगस्टात सुरू होतो व मे महिन्यात संपतो. म्हणजे ऐन हिवाळा त्याच्या मधोमध येतो. गावोगावच्या हौशी मंडळांतील मुले सुटीच्या दिवशी सामन्यासाठी येतात आणि पुष्कळदा मैदानातील डबकी पाहून परत जातात. सामने वरचेवर रद्द होऊ लागले की मुलांचा उत्साह ओसरतो. उलट तशाच चिखलात खेळ झाला, तर एका दिवसाच्या तुडवणीने सबंध हंगामाचे मैदान नासते. अशा मंडळांपाशी पैसा बेताचाच असतो. तो कोठे खर्चावा हे ठरविण्यापूर्वी पाणी का साचते हे समजून घेणे अवश्य आहे.

पाण्याची वाट

पूर्ण आकाराचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ७१,४०० लिटर पाणी आले. उन्हाळ्यात ऊन, वारा आणि गवत मिळून यातील बराच भाग काही दिवसांत हवेत परत धाडतात. जानेवारीत ऊन मंद असते व गवताची वाढ जवळजवळ थांबलेली असते. मैदान सपाट असल्याने पाणी वाहूनही फारसे जात नाही. त्यास मुख्य वाट उरते ती खालची.

ही वाट मातीच्या कणांमधील रंध्रांतून जाते. वाळूचा कण २ मिलिमीटरपर्यंत मोठा असू शकतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. कण बारीक, तशी रंध्रेही अरुंद. एखाद्या बारीक नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून वाहणारे पाणी निम्म्यावर नव्हे, तर सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून चिकणमातीत पाणी झपाट्याने उतरते ते गांडुळांच्या बिळांतून, मुळांनी केलेल्या वाटांतून आणि भेगांतून. ओल्या जमिनीवर बुटांचा भार पडला की नेमक्या ह्याच वाटा बुजतात. मग मातीत हवाही खेळत नाही, कारण प्राणवायू हवेच्या मानाने पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, गवत विरळ होते आणि उघडी माती अधिकच दडपली जाते.

शेत आणि मैदान

स्कॉटलंडमधील डीन्स्टन येथील जेम्स स्मिथ यांनी १८३१ साली पाणथळ शेतांचा निचरा कसा करावा यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीची अंगे दोन: जमिनीखाली समांतर चर आणि खोल नांगरणी. नांगरणीने माती मोकळी झाल्यावाचून पाणी चरापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. खेळाचे मैदान नांगरता येत नाही. केवळ खाली नळ पुरून भागत नाही, त्याचे कारण हेच.

म्हणून पहिले काम कुदळीचे. डबक्याशेजारी सुमारे अर्धा मीटर खोल खड्डा खणून पाहावे. वर पाणी, पण हातभर खाली माती कोरडसर, असे दिसले तर दोष वरच्या दडपलेल्या थराचा आहे. खड्डा तळापासून भरू लागला, तर भूजलाची पातळीच उंच आहे. तेथे नळांचा खर्च योग्य ठरतो. पाणी शेजारच्या उतारावरून येत असेल, तर मैदानाच्या वरच्या कडेस आडवा चर खणावा.

वरचा थर दडपला असेल, तर नांगराचे काम लांब दातांच्या बागकामाच्या काट्याने करावयाचे. काटा खोल रोवून किंचित मागे हलवावा, म्हणजे माती फाटून वाटा मोकळ्या होतात. हे काम माती ओलसर, पण चिखल नसलेली असताना करावे. वर वाळू पसरली असता भोके लवकर बुजत नाहीत. मात्र चिकणमातीत थोडीशीच वाळू कालवू नये. बारीक कण वाळूच्या फटी भरून टाकतात व लाभ होत नाही.

स्पंजाचा प्रयोग

पुष्कळांस वाटते की, मातीखाली खडीचा थर घातला की पाणी आपोआप ओढले जाईल. एक स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तो हलकेच उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. वाढली ती केवळ उंची. बारीक रंध्रे केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, आणि खालच्या मोठ्या पोकळीत ते सहज उतरत नाही. मातीचा पातळ थर खडीवर टाकला, तर तो आडव्या स्पंजासारखाच चिंब राहतो. खडीचा उपयोग होतो तो वाळूने भरलेल्या अरुंद चिरा पृष्ठभागापासून थेट तिच्यापर्यंत नेल्या तरच, आणि खडीतील पाणी नळाने बाहेर काढले तरच. ह्या चिरांची तोंडे मातीने लिंपली जाऊ नयेत, म्हणून त्यांवर वेळोवेळी वाळू पसरावी लागते.

सर्वांत स्वस्त उपाय विश्रांतीचा. सराव मैदानाबाहेर घ्यावा, गोलासमोरची जागा शक्य तेव्हा बदलावी आणि पाऊल टाकताच पाणी वर येत असेल, तर त्या दिवशीचा सामना पुढे ढकलावा. त्या दिवशी मुले हिरमुसतील, परंतु पुढच्या आठवड्यात त्यांस खेळावयास मैदान उरलेले असेल.