विश्वासार्ह हार्ड डिस्क कोणती?

आज आपण एक घरगुती प्रश्न घेऊ. लग्नाचे फोटो, जमिनीची कागदपत्रं, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं, तर विश्वासार्ह हार्ड डिस्क कोणती घ्यावी? प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याच्या पोटात तर्कशास्त्रातला एक जुना प्रश्न दडलेला आहे.

आधी यंत्र बघू. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. वाचणारं-लिहिणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. धक्का लागून ते तबकडीवर घासलं, की संपलं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती धक्का सोसते. पण तिला दीर्घकाळ वीज न देता कपाटात ठेवली, तर आतला विद्युतभार हळूहळू गळतो. तेव्हा रोजच्या कामाला एसएसडी आणि मोठ्या साठ्याला हार्ड डिस्क, ही विभागणी सोयीची.

आता माहितीपत्रकातला आकडा घ्या. काही डिस्कवर 'एमटीबीएफ १० लाख तास' असं लिहिलेलं असतं. एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. भागाकार केला तर ११४ वर्षं होतात! मग डिस्क ११४ वर्षं चालेल का? मुळीच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की अशा हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर साधारण नऊ बिघडतील. हे विधान समूहाविषयी आहे. आपल्या टेबलावरच्या एका डिस्कविषयी ते काहीच सांगत नाही.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कच्या नोंदी प्रसिद्ध करते. त्यातून दिसतं, की एकाच कंपनीचं एक मॉडेल टिकाऊ निघतं आणि दुसरं रडवतं. म्हणून नुसतं नाव न बघता मॉडेल बघावं. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्क तपासल्या. बिघडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी स्वतःच्या 'स्मार्ट' तपासणीत कसलीही पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे 'सगळं ठीक' हा शेराही हमी देत नाही.

इथे चार्वाकांची आठवण येते. सगळे धूर आणि सगळे अग्नी तुम्ही कुठे पाहिलेत, असं ते विचारत. कालपर्यंत चाललेली डिस्क उद्या चालेलच, हे अनुमानही तसंच लंगडं आहे. आणि वॉरंटीचं काय? वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आजीचा आवाज मिळत नाही.

तेव्हा विश्वास एका वस्तूवर न ठेवता मांडणीवर ठेवावा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. पण एक अट आहे. प्रती परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर एकच चोरी किंवा एकच आग दोन्ही नेते. दोन्ही कायम कॉम्प्युटरला जोडलेल्या असतील तर वीज पडली, व्हायरस आला, तरी तेच. म्हणून एक डिस्क काम झालं की काढून ठेवावी, एक प्रत क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी असावी.

आणि वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीतले चार फोटो उघडून बघावेत. न उघडलेली प्रत म्हणजे केवळ आपली समजूत.