थीम पार्कला बाबागाडी न्यावी का?

लहान मुलाला घेऊन थीम पार्कला जायचे ठरले, तिकिटे आणि मुक्काम पक्का झाला, की पुढचा प्रश्न बाबागाडीचा असतो. मूल चांगले चालते, घरी गाडीत बसतही नाही, मग ओझे कशाला, असा हिशेब बऱ्याच घरांत होतो. पण हा निर्णय मुलाच्या पायांपेक्षा त्या दिवसाच्या आखणीवर अवलंबून असतो. एकूण चाल किती होणार, दुपारची झोप कुठे होणार, ऊन-पाऊस कसा असणार आणि रात्री पार्कच्या दारापासून मुक्कामापर्यंत कसे पोहोचायचे, या चार गोष्टी आधी पाहिल्या की निवड सोपी होते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे या चारही गोष्टींचा कस लागणारे ठिकाण आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी येथे मॅजिक किंगडम सुरू झाले. पुढे १९८२ मध्ये एप्कॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे पार्क आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम यांची भर पडली. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मुलांच्या सुट्टीत येथे जातात आणि भारतातून लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेले आजी-आजोबाही नातवंडांबरोबर येथे येतात. त्यामुळे एकाच गटात दोन वर्षांचे नातवंड आणि सत्तरीचे आजोबा असणे नेहमीचे आहे.

चाल किती पडते

मॅजिक किंगडमचा विस्तार शंभर एकरांहून थोडा अधिक आहे, तर एप्कॉट सुमारे ३०० एकरांवर पसरले आहे. एप्कॉटच्या ‘वर्ल्ड शोकेस’ या भागात तळ्याभोवती ११ देशांची दालने आहेत आणि त्या तळ्याला एक फेरी मारायची तर सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते. राइडपासून राइडपर्यंत जाणे, जेवणाची जागा शोधणे, स्वच्छतागृहाकडे वळणे आणि ठरलेल्या वेळेच्या कार्यक्रमासाठी परत उलटे येणे धरले, तर प्रौढ माणसाची दिवसाची चाल दहा किलोमीटरच्या सहज पुढे जाते. रांगेत उभे राहण्याचा शीण वेगळाच.

चार-पाच वर्षांचे मूल सकाळी हे अंतर धावत कापते, पण दुपारनंतर त्याचा उत्साह एकदम ओसरतो. ‘कडेवर घे’ हा हट्ट तेव्हा सुरू होतो. चार वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १५-१६ किलो असते. एवढे वजन दहा मिनिटे उचलणे निराळे आणि उन्हात गर्दीतून तासभर वाहणे निराळे. म्हणूनच घरी वर्षभरापूर्वी गाडी सोडलेल्या मुलासाठीही अशा ठिकाणी गाडी घेणे हा लाड ठरत नाही, ती त्या दिवसाची गरज असते.

सगळीच पार्क एवढी मोठी नसतात. भारतीय पर्यटकांच्या आवडीचे युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर सुमारे ५० एकरांत बसते. तेथे पाच वर्षांचे मूल मधूनमधून बसत-उठत दिवस काढू शकते. खोपोलीजवळचे इमॅजिका हे मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांसाठी एका दिवसाच्या सहलीचे ठिकाण आहे. तेथे घरच्या मोटारीने जाताना गाडी डिकीत टाकून नेता येते आणि नको वाटली तर तेथेच ठेवता येते. विमानाने सातासमुद्रापार जाताना ही मोकळीक नसते, म्हणून निर्णय आधीच घ्यावा लागतो.

वयानुसार गरज

एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी पाठ पूर्ण मागे नेता येईल अशी गाडी आणि अंगाला बांधायची बेबी कॅरिअर झोळी ही जोडी सर्वांत सोयीची. एक ते तीन वर्षांच्या मुलांना गाडी जवळजवळ हवीच. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही आणि तेथील चारही पार्कांत बाळाला पाजण्यासाठी, कपडे बदलण्यासाठी, खाणे गरम करण्यासाठी ‘बेबी केअर सेंटर’ आहे. त्यामुळे बाळाची व्यवस्था अवघड नसते. प्रश्न उरतो तो वाहून नेण्याचा.

खरा वाद होतो तीन ते सहा या वयात. सकाळी पार्क उघडताना आत शिरून रात्रीची आतषबाजी पाहायची असेल, तर या वयाच्या मुलासाठी गाडी घ्यावी. अर्धाच दिवस पार्कात घालवून दुपारी हॉटेलवर परतायचे असेल आणि मूल चालण्याला सरावलेले असेल, तर गाडीवाचून चालते. सातव्या वर्षानंतर तिची गरज सहसा उरत नाही. मात्र अपंगत्व, आजारपण किंवा गोंगाटाचा त्रास असलेल्या मुलांसाठी वयाची अट विसरावी. अशा मुलांची गाडी व्हीलचेअरसारखी वापरू देण्याची सोय डिस्नेच्या पार्कांत आहे. ‘गेस्ट रिलेशन्स’ कार्यालयात विचारल्यास गाडीला तशी खूणचिठ्ठी लावून मिळते आणि व्हीलचेअर नेता येते अशा रांगांत ती नेता येते.

झोप, ऊन आणि पाऊस

गाडीचा सर्वांत मोठा उपयोग झोपेसाठी होतो. दुपारी तासभर झोपलेले मूल संध्याकाळी पुन्हा ताजेतवाने असते. न झोपलेले मूल किरकिर करते आणि सगळ्यांचीच संध्याकाळ बिघडते. आजी-आजोबा बरोबर असतील तर हा तास सर्वांच्याच कामी येतो. झोपलेल्या नातवंडाजवळ ते सावलीत किंवा वातानुकूलित उपाहारगृहात बसू शकतात, त्यांच्याही पायांना विसावा मिळतो आणि आई-बाबा मोठ्या भावंडाला घेऊन मोठ्या राइडवर जाऊन येतात.

ऑरलँडोत उन्हाळ्यात पारा ३२-३३ अंशांवर जातो आणि हवा मुंबईसारखीच दमट असते. जून ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर विजांसह जोरदार सरी येतात. भारतातून जाणारी बरीच कुटुंबे याच काळात तेथे असतात. त्यामुळे गाडीला रुंद छत्री हवी आणि पावसाचे पारदर्शक आवरणही बरोबर हवे. ऊन लागू नये म्हणून गाडीवर चादर किंवा ओढणी पांघरून ती बंद करणे मात्र धोक्याचे आहे. आत हवा खेळत नाही आणि थोड्याच वेळात तापमान बाळाला सोसणार नाही इतके चढते. गाडी सावलीत लावावी, बाळाला सुती सैल कपडे घालावेत आणि पाणी किंवा दूध वारंवार द्यावे.

नियम काय सांगतात

१ मे २०१९ पासून डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कांत गाडीची कमाल रुंदी ३१ इंच (७९ सेंटिमीटर) आणि लांबी ५२ इंच (१३२ सेंटिमीटर) ठरवण्यात आली. त्याआधी ३६ इंच रुंदीपर्यंतची गाडी चालत असे. त्या वर्षी ‘स्टार वॉर्स: गॅलक्सीज एज’ हा मोठा विभाग खुला होणार होता आणि वाढत्या गर्दीत वाटा मोकळ्या ठेवणे आवश्यक होते. चार चाकांच्या ओढगाड्या, म्हणजे ‘वॅगन’, तेव्हापासून पूर्ण बंद आहेत. एकाच मुलाची नेहमीची गाडी या मापात आरामात बसते. दोन मुलांना शेजारी-शेजारी बसवणाऱ्या काही गाड्या मर्यादेच्या अगदी काठावर असतात, म्हणून जुळ्या मुलांच्या आई-वडिलांनी निघण्यापूर्वी टेप लावून माप घ्यावे.

गाडी बहुतेक राइडच्या रांगेत नेता येत नाही. ती बाहेर आखून दिलेल्या जागेत लावायची असते. गर्दीच्या वेळी तेथे शेकडो गाड्या ओळीने उभ्या असतात आणि नव्या गाड्यांना जागा व्हावी म्हणून कर्मचारी त्या सतत सरकवत राहतात. राइडवरून परतल्यावर गाडी ठेवल्या जागी सापडेलच असे नाही. दांड्याला रंगीत रुमाल किंवा ठळक अक्षरांत आडनाव लिहिलेली पट्टी बांधली तर शोध लवकर संपतो. साखळी लावून गाडी एका जागी बांधू नये. पासपोर्ट, पैसे, फोन आणि कॅमेरा गाडीत मुळीच ठेवू नयेत. पाऊस आला तर रिकामी गाडी भिजते, म्हणून आवरण घालूनच रांगेकडे जावे आणि एक टॉवेल पिशवीत असू द्यावा.

रांगेत मुलाला कडेवर किंवा झोळीत घ्यावे लागते, शिवाय काही राइडना उंचीची अट असते. ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’साठी मूल किमान ३८ इंच, ‘स्पेस माउंटन’साठी ४४ इंच आणि ‘ट्रॉन’साठी ४८ इंच उंच असावे लागते. अशा ठिकाणी ‘रायडर स्विच’ची सोय उपयोगी पडते. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पूर्ण रांग पुन्हा न लावता आत सोडतात. युनिव्हर्सलच्या ऑरलँडोतील पार्कांत हीच सोय ‘चाइल्ड स्वॅप’ या नावाने मिळते.

घरची, भाड्याची की विकतची

डिस्ने वर्ल्डमध्ये प्रवेशद्वारापाशी गाड्या भाड्याने मिळतात. एकेरी गाडीला दिवसाला सुमारे १५ डॉलर आणि जोडगाडीला सुमारे ३१ डॉलर असा दर अनेक वर्षे चालत आला आहे. अनेक दिवसांचे भाडे एकदम भरले तर थोडी सूट असते. दर बदलत असल्याने जाण्यापूर्वी पाहून घ्यावेत. या गाड्या भक्कम असतात आणि सामानालाही जागा असते, पण त्यांची बैठक कडक प्लास्टिकची असते आणि पाठ मागे झुकत नाही. तान्ह्या बाळाला त्या चालत नाहीत आणि मोठे मूलही त्यांत नीट झोपू शकत नाही.

त्याहून मोठी अडचण परतीच्या वेळी येते. भाड्याची गाडी पार्कच्या बाहेर नेता येत नाही. मॅजिक किंगडमचा वाहनतळ पार्कला लागून नाही. आतषबाजी संपल्यावर बाहेर पडायचे, मोनोरेल किंवा फेरीबोटीने पार्कपुढच्या तळ्यापलीकडे जायचे, तेथून वाहनतळापर्यंत जायचे आणि मग मोटार शोधायची, एवढा पल्ला असतो. रात्री दहाच्या सुमारास, गाढ झोपलेले मूल खांद्यावर घेऊन, हजारोंच्या गर्दीतून हा प्रवास करावा लागतो. घरची गाडी असेल तर मोनोरेल आणि फेरीबोटीत ती उघडीच नेता येते. बसमध्ये मात्र तिची घडी घालावीच लागते. म्हणूनच एका हाताने झटकन मिटणारी हलकी गाडी सर्वांत उपयोगी.

अशी हलकी गाडी मुळात प्रवासाच्या गरजेतूनच जन्माला आली. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या मिटणाऱ्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. लेक नातवंडाला घेऊन अवजड बाबागाडीसह प्रवास करते, हे पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली आणि १९६५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिचे वजन तीन किलोंहून कमी होते.

भारतातून निघणाऱ्यांसाठी घरची गाडी नेणे सहसा अवघड नसते. तान्ह्या मुलासाठी बहुतेक विमान कंपन्या गाडी विनामूल्य नेतात आणि विमानाच्या दारापर्यंत ती वापरू देतात. ऑरलँडोला जाताना वाटेत विमान बदलावे लागते. मधल्या विमानतळावर गाडी दाराशी परत मिळेल की शेवटच्या मुक्कामी सामानाबरोबर येईल, हे गाडी सोपवतानाच विचारून घ्यावे. परत मिळणार नसेल तर बेबी कॅरिअर हाताशी असावी.

घरची गाडी जड असेल, तिची घडी मोठी होत असेल किंवा मुलाला ती आता एरवी लागत नसेल, तर अमेरिकेत पोहोचल्यावर मोठ्या दुकानातून साधी छत्री-गाडी विकत घेणे परवडते. पार्कातील तीन-चार दिवसांच्या भाड्यात ती येते आणि परतताना कुणा नातेवाइकाकडे ठेवता येते. ऑरलँडोतील काही खासगी कंपन्याही पाठ झुकणाऱ्या चांगल्या गाड्या आठवड्याच्या भाड्याने देतात. त्या पार्काबाहेरही वापरता येतात.

एकाच दिवसासाठी पार्कात जायचे असेल, मूल तीन वर्षांपुढचे असेल आणि झोपेची गरज नसेल, तर प्रवेशद्वाराशी मिळणारी गाडी पुरते. दोन किंवा अधिक दिवस, तीन वर्षांखालचे मूल किंवा रात्री उशिरापर्यंतचा कार्यक्रम, यांपैकी काहीही असेल तर स्वतःची हलकी गाडीच बरोबर असावी. गाडी न नेण्याचे ठरले तर दिवसाची आखणी त्याप्रमाणे बदलावी. सकाळी लवकर आत जावे, जवळजवळच्या राइड एका टप्प्यात कराव्यात, दुपारचे जेवण वातानुकूलित ठिकाणी सावकाश घ्यावे आणि मूल थकण्याआधीच मुक्कामाकडे निघावे.