नाशिकहून अंधेरी: घरच्या सामन्याचा दिवस

नाशिकला आयएसएलमध्ये स्वतःचा संघ नाही. इथल्या अनेकांसाठी घरचं मैदान म्हणजे मुंबई सिटीचं, अंधेरीतलं मुंबई फुटबॉल अरेना. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं ठाण्याला उतरावं, लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रोनं आझाद नगर गाठावं. पुढे मैदान चालत जाण्याजोगं. परतीचं मात्र आधी ठरवा. सामना बहुधा संध्याकाळी साडेसातचा आणि पंचवटी त्याआधीच मुंबईहून सुटते, त्यामुळे रात्रीच्या गाडीचं आरक्षण हवंच.

मैदानाची क्षमता जेमतेम सात हजारांची, आणि तेच त्याचं खरं सुख. मधे धावण्याचा ट्रॅक नाही. मुंबई सिटीचा विंगर छांगटे बगलेतून सुटला की त्याचा वेग अगदी जवळून दिसतो. टीव्हीवर तो कधीच इतका कळत नाही. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या समर्थक गटाच्या गाण्या-घोषणांत नवख्यानंही बिनधास्त सूर मिसळावा.

२०१४मध्ये स्थापन झालेल्या या संघानं आयएसएल करंडक दोनदा जिंकला, दोन्ही वेळा कोलकात्याच्या मोहन बागानला हरवून, पण अंधेरीपासून दूर: २०२१मध्ये करोनामुळे प्रेक्षकांविना गोव्यातल्या फातोर्ड्यात २-१ असा, आणि २०२४मध्ये थेट कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, ३-१ असा.